थंडीची चाके: निवड आणि जोडणी

आपल्या मराठी पानावर बहुतेक वेळा सहलीची वर्णने आणि थोरांची चरित्रे येतात. या वेळी मी मोटारीच्या चाकांवर लिहीत आहे. गेल्या हिवाळी सुट्टीत मला हा विषय शिकावा लागला, आणि त्यातला एक भाग मी चुकून शिकलो. ती चूकही खाली लिहिली आहे, कारण ती सोडली तर धडा अर्धाच राहील.

माझे घर काशीला अमृतराव घाटावर आहे. आता तो राजा घाट या नावाने जास्त ओळखला जातो. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो दगडात बांधून घेतला. आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही. दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकाला भिंतीला चिकटावे लागते. म्हणून आमची गाडी सोनारपुऱ्याच्या बाजूला एका वाड्याच्या आवारात भाड्याने उभी असते.

बाबा सैन्यात आहेत आणि सध्या उत्तराखंडात जोशीमठच्या बाजूला आहेत. त्यांना हिवाळ्यात रजा मिळणार नव्हती. आजी म्हणाली, "तो येत नाही तर मीच जाते." आजी ७४ वर्षांची आहे. रेल्वेने हरिद्वारपर्यंत जाऊन पुढे बसने जाणे तिला झेपले नसते. तेव्हा काकांनी गाडीने जायचे ठरवले. बाबा फोनवर म्हणाले, "गाडी आणणार असाल तर चाकांची तयारी करून या. नाहीतर ऋषिकेशला गाडी ठेवा, मी दुसरी सोय करतो." काका बनारसच्या रेल्वे इंजिन कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आहेत. ते मला म्हणाले, "कॅडेट, ही तयारी तुझ्याकडे. मी बघतो आणि विचारतो. करायचे तू."

१. टायर जमिनीला किती टेकतो?

काकांचा पहिला प्रश्न हाच होता. मी म्हणालो, पाटाएवढा. त्यांनी हिशेब करायला लावला.

आमची गाडी माणसांसह साधारण १२०० किलोची धरली तर एका चाकावर ३०० किलो येतात. टायरमधली हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. ३०० भागिले २.३ म्हणजे सुमारे १३० चौरस सेंटिमीटर. वहीवर मी आपल्या तळहाताची आकृती काढून चौकटी मोजल्या. बोटे धरून जवळजवळ तेवढेच आले. म्हणजे आई, आजी, काका, मी आणि सगळे सामान चार तळहातांएवढ्या रबरावर उभे असते. वळणे, ब्रेक लावणे, चढणे ही सगळी कामे तेवढाच भाग करतो.

मग घर्षणाचा हिशेब केला. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर किती अंतरात थांबेल? वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × ९.८). ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. घर्षणांकाच्या ढोबळ किमती घेतल्या तर उत्तरे अशी येतात:

कोरडा डांबरी रस्ता (०.७): १४ मीटर
ओला रस्ता (०.४): २५ मीटर
दाबून घट्ट झालेला बर्फ (०.२): ४९ मीटर
काचेसारखा बर्फ (०.१): ९८ मीटर

ड्रायव्हरला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी आणखी पुढे जाते, ते अंतर यात धरलेले नाही. आपल्या ड्रिल स्क्वेअरवर पावलांनी १४ मीटर आणि ९८ मीटर मोजून पाहा, फरक लगेच कळेल.

२. थंडीत रबराचे काय होते?

आमच्या घाटाच्या पायऱ्या हिवाळ्यात सकाळी दवाने ओल्या असतात. आजीची जुनी रबरी चप्पल त्यावर सटकते आणि नवी सटकत नाही. याची दोन कारणे आहेत. एक, जुन्या चपलेची नक्षी झिजलेली असते, म्हणून पाणी बाहेर जायला वाट मिळत नाही. दोन, जुने रबर कडक झालेले असते, त्यामुळे ते दगडाच्या बारीक खाचांत बसत नाही.

टायरचेही तसेच आहे. आपल्याकडे मिळणारे बहुतेक टायर उन्हाळ्याच्या रबराचे असतात. ते तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजत नाहीत, पण हवा साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेली की कडक होऊ लागतात. थंडीच्या टायरचे रबर वेगळे असते. ते गारठ्यातही मऊ राहते. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या चिरा किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. नक्षीच्या खोल चऱ्यांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फ बर्फाला बऱ्यापैकी धरतो.

असा पहिला टायर फिनलंडच्या नोकियन कंपनीने १९३४ साली ट्रकसाठी बनवला. मोटारीसाठीचा टायर १९३६ साली आला. आज स्वीडनमध्ये हिवाळी रस्ता असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च थंडीचे टायर सक्तीचे आहेत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात ही सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च असते. जर्मनीत लोक 'ऑक्टोबर ते ईस्टर' असा सोपा नियम लक्षात ठेवतात. आपण त्याला दसरा ते गुढीपाडवा म्हणू शकतो. तिकडे अनेक घरांत चाकांचे दोन संच असतात. हिवाळा आला की रिमसकट चारही चाके बदलतात आणि उन्हाळ्याची चाके तळघरात ठेवतात.

३. टायर वाचायला शिकणे

टायरच्या बाजूवर सगळी माहिती छापलेली असते. आमच्या गाडीच्या टायरवर होते: १८५/६५ आर१५ ८८ एच.

१८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा अंक आहे. तो किलो नाही. तक्त्यात पाहिले तर ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. 'एच' म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. 'डीओटी' या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. आमच्यावर २३१७ होते, म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. टायर सात वर्षांहून जुने होते आणि बाजूला केसांसारख्या भेगा दिसत होत्या.

तिसरी गोष्ट म्हणजे नक्षीची खोली. मुख्य चऱ्यांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिमी उरली असे समजावे, आणि तो टायर रस्त्यावर चालवणे कायद्यानेही चूक आहे. बर्फासाठी मात्र निदान ४ मिमी हवी असे जाणकार सांगतात. मी कंपासपेटीतल्या पट्टीने प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजला. सगळीकडे अडीच मिमीच्या आसपास आले. वरून टायर चांगले दिसत होते. मोजले नसते तर मी 'ठीक आहे' म्हणालो असतो.

चौथी गोष्ट म्हणजे खुणा. 'एम' आणि 'एस' ही अक्षरे म्हणजे चिखल आणि बर्फ. पण त्यांचा अर्थ नक्षी त्या पद्धतीची आहे एवढाच आहे. त्यासाठी बर्फावरची परीक्षा द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण असेल तर तो टायर बर्फावरच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला असतो. जर्मनीत आता थंडीचा टायर म्हणून हीच खूण धरली जाते.

४. आमची निवड

जुने टायर बाद झाले. पुढे तीन मार्ग होते.

पहिला, डोंगर-हिमकण खुणेचे टायर घेणे. बनारसच्या दुकानांत आम्हाला ते मिळाले नाहीत. मागवले असते तर महाग पडले असते, आणि प्रवासाचा मोठा भाग मैदानातला होता. दुपारी जेथे १८-२० अंश असतात तेथे मऊ रबर लवकर झिजते आणि ब्रेकही लांब लागतो. दुसरा, त्याच मापाचे नेहमीचे नवे टायर घेणे. तिसरा मार्ग काकांनी डिकी उघडून दाखवला. आमची स्टेपनी १४ इंची लोखंडी रिमची होती आणि तिच्यावर १६५/८० आर१४ ८५ टी असा टायर होता. याच गाडीच्या स्वस्त मॉडेलला कंपनी हीच चाके देते.

मी दोन्ही चाकांचा व्यास काढला.

१५ इंची: ३८१ + २ × (१८५ चे ६५ टक्के) = ३८१ + २४०.५ = ६२१.५ मिमी
१४ इंची: ३५५.६ + २ × (१६५ चे ८० टक्के) = ३५५.६ + २६४ = ६१९.६ मिमी

फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणजे स्पीडोमीटर बरोबर चालणार आणि स्टेपनीही चारही चाकांशी जुळणार. थंडीच्या देशांतही लोक हेच करतात. हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि अरुंद टायर घेतात. अरुंद टायर पातळ बर्फ आणि चिखल कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचतो, रुंद टायर वर तरंगतो. बाजू उंच असल्यामुळे खड्ड्यात रिमलाही मार कमी बसतो. ८५ हा भाराचा अंक ५१५ किलोचा आहे, तोही आम्हाला पुरेसा होता.

आम्ही चार लोखंडी रिम आणि 'एम-एस' खुणेचे, खोल नक्षीचे चार नवे टायर घेतले. त्याबरोबर याच मापाच्या बर्फाच्या साखळ्यांची जोडी घेतली.

येथे दोन नियम पक्के लक्षात ठेवा. चारही टायर एकाच जातीचे असावेत. पैसे वाचवायला फक्त पुढचे दोन चांगले घातले तर उतारावर ब्रेक लावताना मागची बाजू घसरून पुढे येते. दुसरा नियम, नुसते इंच जुळले म्हणून कुठलीही रिम बसत नाही. नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचे माप, रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप, ब्रेकच्या भागाला लागणारी जागा आणि नटाचा उतार, एवढे सगळे जुळावे लागते. आम्ही गाडीबरोबरच्या पुस्तिकेत हे माप दिले आहे का ते पाहिले आणि मगच पैसे दिले.

५. जोडणी

टायर रिमवर चढवणे आणि बॅलन्सिंग ही कामे मशीनची आहेत, ती दुकानात झाली. चाके गाडीला आम्ही वाड्याच्या आवारात लावली. क्रम असा:

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. समोरासमोरच्या चाकाला पुढून-मागून विटा.
चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा वळसा सैल करायचे. चाक हवेत असताना जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते.
जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खुणेखालीच लावायचा. जॅकवर उभ्या गाडीखाली हात किंवा डोके घालायचे नाही. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवायचे.
हबचा तोंडवळा तारेच्या ब्रशने घासायचा. गंजाचे पापुद्रे राहता कामा नयेत. नव्या रिमची आतली बाजूही पुसायची.
बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचे नाही.
टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेला हवा.
प्रत्येक नट आधी हाताने फिरवायचा. मग पान्याने थोडे थोडे, समोरासमोरचे नट एकाआड एक आवळायचे.
चाक जमिनीवर टेकवून शेवटची आवळणी टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे.

आवळणीबद्दल काकांनी जे सांगितले ते मला वर्गात कधी सुचले नव्हते. मला वाटायचे, गाडीचा भार बोल्टवर टांगलेला असतो. तसे नाही. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा रिमला हबवर दाबून धरतो. १२ मिमीच्या बोल्टला १०० न्यूटन-मीटर आवळणी दिली तर तो दाब साधारण चार टनांइतका होतो. या दाबामुळे रिम आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होते ते चाकाला जागेवर ठेवते. म्हणजे टायर रस्त्याला घर्षणाने धरतो आणि चाक गाडीलाही घर्षणानेच धरलेले असते. ग्रीस लावले तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो आणि तुटू शकतो. मध्ये गंज किंवा जाड रंग असेल तर तो चालताना चुरडतो, ताण सुटतो आणि दाब नाहीसा होतो. म्हणून नवी चाके लावल्यावर ८० ते १०० किमीनंतर सगळे नट पुन्हा तपासायचे असतात.

१०० न्यूटन-मीटर म्हणजे किती? ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २५ किलोचा जोर. गाडीतला छोटा पाना २५ सेंटिमीटरचा असेल तर ४१ किलोचा. काही जण पान्यावर उभे राहून उड्या मारतात. त्यांनी किती आवळले ते त्यांनाही माहीत नसते.

६. माझी चूक

चौथे चाक लावायला घेतले तेव्हा संध्याकाळ झाली होती. ते पुढचे उजवे चाक होते. काका तीन चाके पाहून आजीचे औषध आणायला गेले होते. हात गारठले होते आणि हबची खालची बाजू अंधारात दिसत नव्हती. मी ब्रश दोनदा फिरवला आणि चाक चढवले. काकांनी आल्यावर विचारले, "हब घासले?" मी म्हणालो, "हो."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. धुके इतके होते की गाडीच्या दिव्यांपुढे पांढरी भिंत उभी असल्यासारखे वाटत होते. काका ताशी ३० किमीच्या वर जात नव्हते. जौनपूर मागे पडल्यावर आम्ही चहाला थांबलो. काका म्हणाले, "शंभर किलोमीटर होत आले. रेंच डिकीत आहे. सोळाही नट बघून ये." मी बाहेर गेलो. डाव्या बाजूची दोन चाके तपासली, रेंच 'कट' वाजला, सगळे ठीक होते. उजवी बाजू रस्त्याकडे होती. धुक्यातून ट्रक येत होते, बोटे दुखत होती आणि आत चहा निवत होता. मी मनात म्हणालो, दोन बरोबर आहेत म्हणजे चारही बरोबर असणार. आत जाऊन सांगितले, "सगळे तपासले."

सुलतानपूरच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरू लागले. आधी काकांना वाटले रस्ता खराब आहे. मग उजवीकडून टक-टक असा आवाज आला आणि वेगाबरोबर तो बदलू लागला. काकांनी ब्रेक न दाबता गाडी हळूहळू डावीकडे मातीवर घेतली. आम्ही उतरलो. पुढच्या उजव्या चाकाचे दोन नट मी बोटांनी फिरवू शकत होतो. तिसरा अर्धा सैल होता. एकच घट्ट होता.

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "काका, ही बाजू मी तपासली नव्हती. आणि काल हबही नीट घासले नव्हते." ते काही बोलले नाहीत. त्यांनी आई आणि आजीला रस्त्यापासून लांब उभे केले. मी मागे जाऊन त्रिकोण ठेवला. मग आम्ही जॅक लावून चाक काढले. हबच्या खालच्या अर्ध्या भागावर गंजाचा थर होता. तो चुरडून त्याची पूड झाली होती. काकांनी टॉर्च धरला आणि ब्रश माझ्या हातात दिला. बोल्टच्या आट्या आणि रिमची भोके त्यांनी बोटाने चाचपून पाहिली, ती खराब झालेली नव्हती. मी घासले, पुसले, चाक चढवले, आवळले. मग बाकीची तीन चाकेही तपासली.

आजी शाल गुंडाळून शेताच्या बांधावर बसली होती. तिने विचारले, "काय झाले रे?" मी तिलाही खरे सांगितले. ती म्हणाली, "बरे झाले धुके होते. धुके नसते तर तुझा काका ऐंशीने गेला असता." ते वाक्य मला आजही आठवते. आम्ही वाचलो ते धुक्यामुळे. त्यात माझे काही नव्हते.

पुढच्या पन्नास किलोमीटरवर काकांनी पुन्हा गाडी थांबवली आणि रेंच माझ्याकडे दिला. ते माझ्यामागे आले नाहीत. मी सोळा नट मोठ्याने मोजत तपासले, म्हणजे आतपर्यंत ऐकू जाईल. आत आलो तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले, "सोळा?" मी म्हणालो, "सोळा."

७. डोंगरात

थंडीत हवेचा दाबही उतरतो. हे आपल्या वायूच्या नियमाने काढता येते. २५ अंशांना ३३ पीएसआय भरली, तर बाहेरचा वायुदाब १४.७ मिळवून ४७.७ होतात. केल्व्हिनमध्ये २९८. पहाटे ५ अंश झाले म्हणजे २७८. ४७.७ × २७८ भागिले २९८ म्हणजे ४४.५. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३० च्या जवळ दिसते. टायरमध्ये भोक नसताना तीन पीएसआय कमी. उणे ३ अंशाला हेच २८.५ होते. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, थंड टायरमध्येच पाहायची. आम्ही ऋषिकेशला आणि जोशीमठला अशी दोनदा तपासली. बर्फात हवा कमी करावी असे काही जण सांगतात. बाबांनी ते करू दिले नाही. डांबरी वळणांवर कमी हवेचा टायर बाजूला दबतो.

देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली असा रस्ता कोरडा होता. जोशीमठच्या वर औलीच्या वाटेवर सावलीतल्या वळणांवर बर्फ घट्ट झाला होता. तेथे बाबांनी साखळ्या लावायला सांगितल्या. आमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून साखळ्या पुढे. वाड्यात सराव करताना मला पहिल्यांदा पाऊण तास लागला होता आणि चौथ्यांदा दहा मिनिटे. बर्फात उभे राहून पहिल्यांदा शिकलो असतो तर अंधार झाला असता. साखळी लावल्यावर शंभर मीटर जाऊन थांबायचे आणि पुन्हा ताणायची. वेग ताशी ४० किमीच्या आत. बर्फ संपला की लगेच काढायची, नाहीतर डांबरावर साखळी आणि टायर दोन्ही खराब होतात.

बाबांना मी सुलतानपूरची गोष्ट पोहोचलो त्याच संध्याकाळी सांगितली. काकांनी ती सांगितली नव्हती. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे गाडी निघण्यापूर्वी ड्रायव्हर रिपोर्ट देतो. त्याच्या शब्दावर मागे माणसे बसतात. ते खाली वाकून बघत नाहीत." त्यानंतर आम्ही तेथे होतो तितक्या दिवशी सकाळी चारही चाके तपासून त्यांना सांगायचे काम माझ्याकडे होते.

८. शेवटची यादी

तुमच्या घरी गाडी असेल तर पुढच्या सुट्टीत एवढे करा. टायरची तारीख वाचा. नक्षी तीन ठिकाणी मोजा. थंड टायरमध्ये हवा पाहा, स्टेपनीतही पाहा. चाक काढले असेल तर हब उजेडात घासा. नट समोरासमोर आवळा. शंभर किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासा. काकांनी मला आणखी एक सोपी युक्ती दिली. आवळणी झाल्यावर नटापासून रिमवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

आमची १५ इंची चाके आता वाड्याच्या कोपऱ्यात ठेवली आहेत. प्रत्येकावर खडूने लिहिले आहे: पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे डावे, मागचे उजवे. त्यांचे टायर बदलून ती उन्हाळ्याच्या सुट्टीत परत लावायची आहेत. काकांनी फोनवर सांगितले आहे की चौथे चाकही दिवसाउजेडी लावू.